नियंत्रण सुटण्याआधी

वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं. चालकाचं नियंत्रण सुटलं आणि गाडी दुभाजकावर आदळली, झाडावर गेली, घाटात खाली कोसळली. वाचणारा हळहळतो, मनातल्या मनात चालकाला दोष देतो आणि पान उलटतो. चौकशी तिथे संपते. मला वाटतं, ती तिथून सुरू व्हायला हवी. स्टिअरिंग हातात होतं, पाय ब्रेकवर होता, इंजिन चालू होतं. मग सुटलं काय? सुटली ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. ती त्या क्षणी सुटली हे खरं, पण ती अपुरी पडणार हे बहुतेक वेळा कितीतरी आधी ठरलेलं असतं. टायर गोटा झालेला असतो, हवा महिनोन्‌महिने तपासलेली नसते, टपावर माल चढवलेला असतो, वळणावर खडी सांडलेली असते किंवा डागडुजी करताना वळणाचा उतारच उलट्या बाजूला गेलेला असतो. चालकाच्या वाट्याला शेवटचा एखादा सेकंद येतो. या पुस्तकाचा विषय त्या सेकंदाच्या आधीचा सगळा काळ आहे.

गाडी रस्त्याला किती जागेत टेकते, हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहावं. सपाट जागी गाडी जॅकवर उचला, टायरच्या तळाला जाडसर रंग फासा, खाली पुठ्ठा सरकवा, गाडी हळूच खाली सोडा आणि पुन्हा उचला. पुठ्ठ्यावर जो ठसा उमटतो तेवढीच त्या चाकाची जमीन. साधारण एक टन वजनाच्या मोटारीत एका चाकावर अडीचशे किलो भार येतो. टायरमध्ये गॅरेजच्या भाषेत ‘बत्तीस हवा’ असेल, म्हणजे बत्तीस पीएसआय, दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, तर ठसा शंभर-एकशेदहा चौरस सेंटिमीटरचा येतो. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. दोघं बसलेल्या स्कूटरच्या एका चाकाचा ठसा त्याच्या निम्म्याने. ठशात खाचा कोऱ्या राहतात, रबराच्या ठोकळ्यांच्या कडा स्पष्ट उमटतात. हवा कमी असेल तर दोन्ही कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतो. हवा जास्त असेल तर मधला पट्टाच तेवढा उमटतो. गाडी पळवणं, थांबवणं, वळवणं, वाऱ्याच्या झोतात सरळ ठेवणं, ही सगळी कामं या चार ठशांमधूनच होतात. इंजिनची ताकद, ब्रेकची डिस्क, स्टिअरिंगची अचूकता यांतलं काहीही या ठशाला वळसा घालून रस्त्यापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. ती झिजायची नाही, पण दगडी रस्त्यावर लोखंडाची पकड फार थोडी. ताशी चार-पाच किलोमीटर वेगाला ती पुरत होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते मागे पडलं. १८८८ साली बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली, आणि ती टिकली. त्याआधी १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकासोबत रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत सापडली होतीच. धक्के कमी बसावेत म्हणून आलेली ही हवा पुढे पकडीसाठी निर्णायक ठरली, कारण हवेच्या गादीवरचं रबर रस्त्याच्या उंचसखलपणाला धरून बसतं.

रबर दगडाला दोन तऱ्हांनी धरतं. एक म्हणजे थेट चिकटून. रबराचे रेणू दगडाच्या इतके जवळ जातात की क्षणभर एकमेकांना ओढतात, सुटतात, पुढच्या ठिकाणी पुन्हा धरतात. रस्ता कोरडा आणि स्वच्छ असेल तर ही तऱ्हा उत्तम चालते. दुसरी तऱ्हा रबराच्या संथपणातून येते. खडीच्या टोकावर रबर दबतं, पण टोक पुढे सरकल्यावर ते लगेच मूळ आकारात येत नाही. त्यामुळे खडीच्या एका अंगाला दाब जास्त राहतो, दुसऱ्या अंगाला कमी, आणि या फरकातून घसरण्याला विरोध करणारं बल मिळतं. ओल्या रस्त्यावर पहिली तऱ्हा जवळपास बंद पडते आणि दुसरीवरच निभवावं लागतं. म्हणून पावसात रस्त्याचा खडबडीतपणा इतका मोलाचा.

हा खडबडीतपणा दोन पातळ्यांवर असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या खडीमधल्या फटींमधून पाणी निघून जातं. बोट फिरवल्यावर खडीच्या अंगावर जी बारीक खरखर जाणवते, ती उरलेला पाण्याचा पातळ पापुद्रा फोडते. वाहतुकीने खडी झिजते आणि ही बारीक खरखर आधी जाते. रस्ता वरून धडधाकट दिसतो, एकही खड्डा नसतो, आणि तरी पावसात गाड्या घसरतात. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, आपल्या रस्त्यांची मुख्य खडी आहे. ताजा फोडलेला बसाल्ट चांगला धरतो. पण जगभरच्या ब्रेक चाचणीच्या मार्गांवर मुद्दाम निसरडा पट्टा हवा असतो तेव्हा बसाल्टच्याच गुळगुळीत लाद्या बसवून त्यांच्यावर पाणी सोडतात. दगड तोच; पृष्ठभागाची अवस्था बदलली की पकड निम्म्याच्या खाली जाते.

शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम रबराला पुरता लागू होत नाही, आणि या पुस्तकातली बरीचशी प्रकरणं याच एका गोष्टीवर उभी आहेत. नियम सांगतो, भार दुप्पट केला की घर्षण दुप्पट. टायरच्या बाबतीत भार दुप्पट केला की पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं तेव्हा बाहेरची चाकं जेवढी पकड कमावतात त्यापेक्षा आतली चाकं जास्त गमावतात. एकूण बेरीज घटते. त्यामुळे वजन एकीकडून दुसरीकडे फेकणारी प्रत्येक गोष्ट पकड खाते. टपावरचं सामान, स्टिअरिंगला दिलेला हिसका, ढिले पडलेले शॉकअप, सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने होतो. शॉकअप बसणाऱ्यांच्या कमरेसाठी असतात असा समज आहे. त्यांचं मोठं काम चाक जमिनीला टेकवून ठेवण्याचं आहे. खराब रस्त्यावर ब्रेक लावताना ज्याचं चाक उडत राहतं, त्याची गाडी तेवढा वेळ ब्रेकशिवायच चाललेली असते.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर.

जूनच्या पहिल्या सरीनंतर पुण्यामुंबईत, नाशकात, कोल्हापुरात दुचाक्या घसरल्याच्या बातम्या येतात. पुढे धो धो पाऊस पडतो तेव्हा त्या मानाने कमी पडझड होते. कारण सरळ आहे. उन्हाळाभर रस्त्यावर ऑइलचे थेंब, डिझेल, टायरचा झिजलेला भुगा आणि धूळ साचत गेलेली असते. पहिली सर हे सगळं भिजवते, धुऊन नेत नाही. रस्त्यावर राखी रंगाचा बुळबुळीत लेप तयार होतो. सिग्नलच्या आधीच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये तो सर्वांत दाट असतो, कारण गाड्या तिथे उभ्या राहून ठिबकत असतात, आणि ब्रेकही नेमका तिथेच लावायचा असतो. कधी एखाद्या टँकरमधून किंवा ट्रकमधून ऑइल सांडतं. बघता बघता चार-पाच दुचाक्या आडव्या होतात, कुणीतरी झाडाची फांदी तोडून रस्त्यात उभी करतं, मग अग्निशमन दलाची गाडी येते आणि जवान फावड्याने माती पसरतात. माती ऑइल शोषून घेते, त्या वेळेपुरता रस्ता वाचतो. मात्र ती तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी कोरडी माती रबर आणि डांबर यांच्यामध्ये येते आणि पुन्हा घसरगुंडी होते. माती टाकणं जितकं गरजेचं, तितकंच ती झाडून काढणंही, आणि या दुसऱ्या कामाकडे फारसं कुणी बघत नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती कडेच्या दरडींवरून रस्त्यावर वाहून येते. घाटात सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं. शहरात गटाराची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे रंगीत पट्टे, झिजलेले पेव्हर ब्लॉक. दुचाकीवाल्याने ओल्या रस्त्यावर नजर समोरच्या गाडीच्या दिव्यावर जशी ठेवायची, तशीच जमिनीच्या रंगावरही. रंग बदलला की पकड बदलली असं धरून चालायचं, आणि त्या तुकड्यावर असताना ब्रेक लावायचा नाही, गाडी तिरकी करायची नाही.

पाणी साचलेलं असेल तर प्रकार वेगळा. वेग वाढत जातो तसा टायरच्या पुढे पाण्याचा दाब वाढतो, आणि एका वेगाला तो टायरमधल्या हवेच्या दाबाची बरोबरी करतो. मग चाक रस्त्यावरून उचललं जाऊन पाण्यावर तरंगतं. अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्राप्रमाणे तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आकडे घालून पाहिले तर बत्तीस पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि हवा उतरून वीस झाली असेल तर ७५ वर. हे सूत्र पाण्याचा थर टायरच्या खाचांपेक्षा खोल असतानाचं आहे. खाचा पाण्याला वाट देतात, म्हणूनच त्या असतात. मोटारीच्या टायरवर १.६ मिलिमीटर खाच ही कायद्याने ठरलेली किमान मर्यादा आहे, आणि खाचांच्या तळाशी असलेला बारीक उंचवटा टायरच्या पृष्ठभागाला टेकला की ती गाठली असं समजायचं. ही मर्यादा कायद्याची आहे. एक्सप्रेसवेवर श्रावणातल्या पावसात १.६ मिलिमीटरच्या टायरवर मी स्वतः बसणार नाही.

हवेबद्दल एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, की उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. हा समज धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आणि फुटणाऱ्या टायरचा खरा शत्रू तीच. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर टायर फुटण्याचा विषय घराघरात पोचला. सिमेंट काँक्रीटला दोष देणारी चर्चा खूप झाली. पण गावातल्या गावात चाळीस-पन्नासच्या वेगाने जुने, कडक झालेले टायर निभावून नेतात, आणि तेच टायर ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास पळवले की त्यांची सगळी दुखणी एकदम बाहेर येतात. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेल्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तेवढी हवा, थंड टायरमध्ये, बाराही महिने भरायची. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर घेताना आपण विचारतो, किती किलोमीटर चालेल? रबर जितकं कडक तितकं ते जास्त चालतं आणि ओल्या रस्त्यावर तितकं कमी धरतं. हा प्रश्न विचारूच नये असं नाही, पण तो एकटा विचारू नये.

एवढं समजलं की वेगाच्या हिशेबाकडे वळता येतं. पकड एका टाकीतल्या पाण्यासारखी असते आणि त्या टाकीला दोन नळ असतात, एक ब्रेकचा आणि एक वळण्याचा. एक पूर्ण सोडला तर दुसऱ्याला धार येत नाही. नेमका हिशेब मात्र साध्या बेरजेचा नसून काटकोन त्रिकोणाचा आहे. उपलब्ध पकडीपैकी ८० टक्के वळण्यात गेली तर ब्रेकसाठी ६० टक्के उरते. ६० टक्के वळण्यात गेली तर ८० टक्के उरते. वळणावर थोडा ब्रेक चालून जातो याचं कारण यात आहे, आणि वळणावर घाबरून कचकन दाबलेला ब्रेक का घात करतो याचंही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावून घ्यायचा, हा जुन्या एसटी चालकांचा शिरस्ता याच हिशेबातून आलेला आहे.

थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरड्या, बऱ्या रस्त्यावर ताशी ६० वरून थांबायला ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटर लागतात, ८० वरून ३६ मीटर. पाय ब्रेकवर जाण्याआधीचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी १७ ते २२ मीटर मिळवा. रस्ता ओला असेल आणि टायर गुळगुळीत असतील तर ब्रेकचं अंतर दुप्पट होतं. गाडीच्या कंपनीने कितीही मोठी डिस्क दिली तरी हा आकडा कमी होत नाही. डिस्क चाकाला थांबवते, गाडीला रस्ता थांबवतो.

दुचाकीच्या पुढच्या ब्रेकविषयी मला इथे मुद्दाम लिहायचं आहे, कारण या एका विषयावर घराघरातून चुकीची शिकवण दिली जाते. पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील, असं सांगत बाप मुलाला स्कूटर शिकवतो. मुलगा आयुष्यभर उजव्या पायाने किंवा डाव्या हाताने मागचाच ब्रेक दाबत राहतो. आता वजनाचं काय होतं ते बघा. गाडी थांबायला लागली की वजन पुढे झुकतं. चालकासकट स्कूटरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटरवर आणि दोन चाकांमधलं अंतर एकशेतीस सेंटिमीटर धरलं, तर जोरात ब्रेक लावताना एकूण वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त भार मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत पुढच्या चाकावर ४५ टक्के असेल तर आता ८० टक्के झाला, मागच्या चाकाकडे उरला २० टक्के. ज्याच्यावर भारच नाही त्या चाकाला पकडही नाही. मागचा ब्रेक एकटाच दाबला की चाक लगेच अडकतं, शेपूट आडवं जातं, आणि गाडी थांबत तर नाहीच.

तोंडावर आपटण्याची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर वजन पुढे यायच्या आतच चाक अडकतं आणि हँडल हातातून निसटतं. म्हणून दाबायची रीत शिकावी लागते. आधी हलका, वजन पुढे बसल्याचं काट्यातून हातांना जाणवेपर्यंत, मग घट्ट. दोन्ही ब्रेक एकत्र, गाडी उभी आणि सरळ असताना. खडीवर, वाळूवर, तिरक्या गाडीवर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मोकळ्या मैदानात एखादी सकाळ घालवली तर हे अंगात बसतं. वाहन परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढून घेतात, तो हळू चालवण्याची परीक्षा आहे. जोरात थांबण्याची परीक्षा कुणी घेत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अडकलेलं चाक इतकं वाईट का, हे एबीएसच्या प्रकरणात तपशिलाने येईल. थोडक्यात असं, की टायरला सर्वाधिक पकड मिळते ती तो किंचित घसरत असताना, चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के कमी असताना. चाक पूर्ण थांबलं की पकड घटते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला दिशा राहत नाही. पुढची चाकं अडकली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मागची अडकली तर गाडी स्वतःभोवती फिरते. एबीएस चाकांचा वेग सतत मोजत राहतं आणि अडकू पाहणाऱ्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतं, धरतं. ही कल्पना आधी विमानांत आली, डनलॉप कंपनीच्या मॅक्सारेट यंत्राच्या रूपाने. १९६६ साली जेन्सन एफएफ या इंग्लिश मोटारीत तेच यंत्र बसलं, आणि १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक पद्धत मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस कामाला लागलं की पायाखाली पेडल थरथरतं. बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी मोडलं, आणि ते नेमका तेव्हाच पाय उचलतात. पाय दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंगने वाट काढायची. सुट्या खडीवर एबीएसमुळे अंतर थोडं वाढतं हेही ठाऊक असावं.

वळणावर पुढची चाकं आधी सुटली तर गाडी बाहेर बाहेर जाते, मागची आधी सुटली तर शेपूट बाहेर फेकलं जातं. पहिल्या प्रकारात घाबरून ॲक्सिलेटर सोडला तरी गाडी बहुधा सावरते. दुसऱ्यात तेच केलं तर वजन पुढे जाऊन मागची चाकं आणखी हलकी होतात. म्हणून कंपन्या गाड्या पहिल्या प्रकारच्या बनवतात. आणि म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, असं टायर कंपन्या सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. आपल्या गॅरेजांमध्ये सर्रास उलट होतं.

ईएससी या यंत्रणेची गोष्ट १९९७ सालच्या एका फजितीने जगाला कळली. मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत उलटली. रस्त्यात अचानक मूस नावाचं मोठं हरीण आलं तर गाडी एका बाजूला घेऊन लगेच परत आणायची, अशी ती चाचणी. कंपनीने गाड्या परत घेतल्या, सस्पेन्शन बदललं आणि आधी फक्त महागड्या गाड्यांत असलेलं ईएससी सगळ्या ए-क्लासना बसवलं. स्टिअरिंग सांगतंय ती दिशा आणि गाडी प्रत्यक्ष फिरतेय ती दिशा यांत फरक पडला की हे यंत्र एकाच चाकाचा ब्रेक लावून गाडी ओढून आणतं. आपल्याकडे मूस नाही, पण रात्री हायवेवर अचानक आडव्या येणाऱ्या म्हशी आणि कुत्री आहेत. त्यांना चुकवताना गाडी एकीकडे आणि लगेच दुसरीकडे घेतली जाते. दुसऱ्या हिसक्यातच गाडी उलटते.

उलटण्याचं गणित घसरण्याहून वेगळं आहे. चाकांमधली रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ते ठरतं. ठेंगणी मोटार उलटायच्या आधी घसरते. १.८ मीटर रुंद चाकं आणि तेवढाच उंच गुरुत्वमध्य असलेला भरलेला ट्रक मात्र गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याएवढं आडवं बल मिळताच उलटतो, आणि चांगला कोरडा रस्ता त्याहून जास्त पकड देतो. म्हणजे इथे पकड पुरेशी असल्यामुळेच ट्रक आडवा होतो. अर्धा भरलेला टँकर याहून अवघड, कारण वळणावर आतला द्रवही बाहेरच्या बाजूला धावतो. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगली-अहिल्यानगरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, टपापेक्षा उंच रचलेल्या, बहुतेक बिनब्रेकच्या. उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक लावला की मागचे कित्येक टन त्याला ढकलत राहतात. त्या ट्रॉल्यांना ब्रेक आणि मागे दिवे ही चैन नव्हे, हे मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा म्हटलेलं आढळेल.

घाट उतरताना काय होतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. सोळा टनांचा ट्रक खंडाळ्याहून खोपोलीला येताना पाचशे मीटर खाली उतरतो. एवढी ऊर्जा सगळी ब्रेकमध्ये जिरवायची म्हटली तर ती अडीचशे लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी भरते. ब्रेक तापतात, लायनर धरेनासे होतात, आणि पेडल दाबूनही काही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम इंजिनला ओझं वाटून घ्यायला लावतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे हा वाटेकरीच काढून टाकतात. इंजिन बंद केलं तर एअरब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते. आणि डिझेल वाचतं म्हणावं तर तेही नाही. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलेटरवर पाय नसताना, इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जे भीषण अपघात झाले, त्यांच्या चर्चेत न्यूट्रलचा आणि निकामी ब्रेकचा उल्लेख वारंवार आला. ट्रकचालकाला घरी पोचायची घाई असते, मालकाला डिझेलचा हिशेब हवा असतो. या दोन्ही गोष्टींबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हा हिशेब चुकीचा आहे हे त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

राहिला रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे वळण आखताना आडव्या घर्षणाचा अंक ०.१५ धरतात. कोरड्या रस्त्यावर टायर त्याच्या चौपटीहून जास्त देऊ शकतो, तरी आखणी ०.१५ वर होते. पाऊस, झिजलेला टायर, वळणातच लावावा लागलेला ब्रेक, या सगळ्यांसाठी राखलेली ही जागा आहे. वळणाची बाहेरची कड उचलून तिरपा उतार देतात, तो घाटात जास्तीत जास्त १० टक्के. ५० मीटर त्रिज्येच्या वळणाला हे दोन्ही धरून हिशेब केला तर वेग ताशी ४० किलोमीटर येतो. पाटीवरचा ४० हा आकडा असा निघतो. त्याच वळणावर ६० ने गेलं तर टायरकडून ०.१५ ऐवजी ०.४७ मागितलं जातं, तिपटीहून जास्त. कोरड्यात निभतं. ओल्या, झिजलेल्या खडीवर निभत नाही. आणि डांबराचे थरावर थर चढवताना बाहेरची कड खाली गेली, तर पाटीवरचा ४० हा आकडाही खोटा ठरतो. अशा वळणावर एकाच जागी वर्षानुवर्षं गाड्या दरीत जातात आणि प्रत्येक वेळी नियंत्रण सुटलेलं असतं ते चालकाचं. एकाच जागी एवढ्या माणसांचं नियंत्रण सुटत असेल, तर तिथे पातळी मोजण्याची नळी घेऊन जायला हवं, असं मला तळमळीने वाटतं.

पुढची प्रकरणं टायरपासून सुरू होऊन ब्रेक, सस्पेन्शन, भार, आणि शेवटी रस्ता अशी जातात. दुचाकीचं प्रकरण सर्वांत मोठं आहे, कारण आपल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. चालत्या दुचाकीचा तोल फिरणाऱ्या चाकांमुळे राहतो, हा जुना खुलासा पुरेसा नाही. फिरण्याचा तो परिणाम आणि पुढच्या चाकाची हँडलच्या आसामागे राहणारी ठेवण, दोन्ही काढून टाकूनही आपोआप उभी राहणारी सायकल संशोधकांनी २०११ साली करून दाखवली. तो भाग ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी गाळला तरी चालेल. ब्रेक दाबण्याच्या सरावाचा भाग मात्र गाळू नये, आणि तो वाचण्याआधी दोन्ही टायरची हवा तपासून घ्यावी.